सुनिल लागला

उंबरवाडीत मोबाईलला रेंज यायची, पण ज्याला जिथं हवी तिथं यायची नाही. वैशाखऱ्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की टेकडीला चिकटून ही वाडी आहे. वाल्मिकचं घर वाडीच्या खालच्या अंगाला, तिथं एकाही कंपनीचं सिम चालत नसे. वरच्या अंगाला अंगणवाडीची एक खोली आणि तिच्या समोर सुनिलचं घर. त्या घराच्या ओट्यावर मात्र एका कंपनीचं नेट झकास चालायचं, आणि वाडीत त्या कंपनीचं सिम फक्त सुनिलकडे होतं.

वाल्मिक आणि सुनिल एका वयाचे. टोकावड्याच्या शाळेत दोघं बरोबर चालत जायचे. दहावीनंतर वाल्मिक गाडीवर गेला. आता त्याची स्वतःची इको होती आणि मुरबाड ते वैशाखरे तो प्रवाशांच्या शीटा भरायचा. सुनिल शिकला, कल्याणला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत लागला. लॉकडाऊनमध्ये त्याला घरून काम करायला सांगितलं, ते पुढे तसंच राहिलं. सकाळी तो ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा, फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि कंपनीच्या मालाच्या पावत्या दिवसभर त्यात चढवत राहायचा. घरात तो आणि त्याची आई सरस्वती, दोघंच. त्याचं लग्न जमलं नव्हतं.

वाल्मिकची बायको रेश्मा आटगावकडची. वाडीच्या अंगणवाडीत ती सेविका होती. पोरं घरी गेली की त्यांची हजेरी, वजन, खिचडीचा फोटो हे सगळं तिला फोनमधून वरच्या ऑफिसला पाठवावं लागे. तिच्या फोनवर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि ती फोन हातात धरून अंगणवाडीच्या दारात, मग आवारात, मग चिंचेखाली अशी हिंडत राहायची. एका दुपारी सुनिलनं ओट्यावरून हाक मारली.

"वहिनी, कशाला उन्हात फिरताय? माझ्यावरून घ्या की. मी पासवर्ड सांगतो."

त्या दिवशी तिचं काम पटकन झालं. घरी येऊन तिनं वाल्मिकला सांगितलं, तेव्हा तोही खूश झाला. दुसऱ्या दिवशी सुनिल रस्त्यात भेटला तर त्यानं त्याला टपरीवर नेऊन चहा पाजला.

ही गोष्ट पावसाळ्याच्या आधीची. भात कापून झालं तोवर रेश्माला त्या ओट्याची सवय झाली होती, आणि घरात एक नवीन बोलणं आलं होतं. एका संध्याकाळी वाल्मिक जेवायला बसला होता. त्याची आई वत्सला चुलीपाशी होती. रेश्मा भाकरी वाढता वाढता सासूला म्हणाली, "आज लवकर सुटले. सुनिल लगेच लागला."

वाल्मिकचा घास हातातच राहिला.

"कोण लागला?"

"नेट वो. फोनमधी त्याचं नाव येतं ना. सुनिल म्हणून." तिनं फोन पुढे करून दाखवला. घरात नेट नव्हतं, तरी यादीत ते नाव होतं. वत्सला हसली. वाल्मिकही हसला, पण जेवण त्याला गोड लागलं नाही.

त्यानंतर त्याचं लक्ष तिकडेच जायला लागलं. रेश्मा सहज बोलायची. आज सुनिल स्लो होता. आज सुनिल मधीच गेला, मग परत आला. आज सुनिलची बॅटरी उतरली म्हणून थांबावं लागलं. एरवी माणसाचं बोलताना ती 'सुनिलभाऊ' म्हणायची. नेटचं बोलताना नुसतं 'सुनिल'. वाल्मिकला हा फरक कळत होता. पण आपल्या बायकोच्या तोंडून दिवसातून चार वेळा दुसऱ्याचं नुसतं नाव ऐकायचं, हे त्याला सोसत नव्हतं. सांगणार तरी काय? नेटला काय म्हण म्हणून सांगणार?

एकदा दुपारी मुरबाडहून येताना गाडी रिकामी झाली, म्हणून तो जेवायला घरी आला. रेश्मा घरी नव्हती. त्यानं गाडी तशीच वर नेली. सरस्वती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सुनिल खांबाला टेकून लॅपटॉपसमोर होता आणि ओट्याच्या कडेला पाय सोडून रेश्मा बसली होती, मांडीवर फोन. सुनिल काहीतरी सांगत होता आणि रेश्मा हसत होती. तोंडावर पदर न घेता, डोळ्यात पाणी येईपर्यंत. घरात ती अशी कधी हसली होती हे वाल्मिकला आठवेना.

गाडीचा आवाज आला तशी ती हसायची थांबली. फोन उचलून उभी राहिली.

ती तशीच बसून राहिली असती, तर कदाचित त्याला एवढं लागलं नसतं. ती उठली, हे त्याच्या मनात जाऊन बसलं.

घरी येता येता त्यानं विचारलं, "काय बोलत होता तो?"

"काय नाय. त्यांच्या कंपनीतल्या एका बाईचं सांगत होते. मीटिंगमधी ती बोलत असते आणि मागं तिची कोंबडी ओरडत असते."

"मग हसण्यासारखं काय त्याच्यात?"

रेश्मानं त्याच्याकडे पाहिलं. "नाय काय," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी वाल्मिकनं मुरबाडमध्ये त्याच कंपनीचं सिम घेतलं आणि आपल्या फोनमध्ये घालून आणलं. रेश्मापुढे फोन ठेवून म्हणाला, "आजपासून माझ्यावरून घे. दुसऱ्याच्या ओट्यावर जायची गरज नाय."

"तुमी तर गाडीवर असता."

"दुपारी येईन."

"रोज? शीटा सोडून?"

"येईन म्हटलं ना."

आणि तो खरंच यायला लागला. दुपारच्या वेळेला मुरबाडहून शाळा-कॉलेजची पोरं सुटतात, बाजार करून बाया परततात. गाडी भरायची खरी वेळ ती. तीच सोडून वाल्मिक रिकामी गाडी पळवत वाडीला यायचा. स्टँडवरचा नथू ड्रायव्हर सगळ्यांसमोर विचारायचा, "काय रे, बायकोला नेट पाजायला चालला काय?" बाकीचे हसायचे. वाल्मिक गाडी चालू करायचा.

अंगणवाडीच्या खिडकीत तो आपला फोन ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि दारात उभा राहायचा. सिम तेच असलं तरी खिडकीत नेट ओट्याएवढं चालत नव्हतं. चक्र फिरत राहायचं. रेश्मा आत चटईवर बसून वाट बघायची. समोरच्या ओट्यावरून सुनिल हात वर करायचा.

"काय रे वाल्मिक, आज पण?"

"हो."

"अरे इकडं ठेव फोन, पटकन होईल."

"चाललंय तिथंच."

सरस्वती चहासाठी हाक मारायची. गाडी उन्हात आहे, शीटा थांबलीत, असं काहीबाही सांगून तो ते टाळायचा. मात्र रेश्माचं काम संपेपर्यंत दारातून हलत नसे.

एका संध्याकाळी त्यानं रेश्माला सांगितलं, "ते नाव काढून टाक फोनमधनं."

"कुठलं?"

"तुला म्हायती हाय कुठलं."

तिनं फोन घेतला, त्यात काहीतरी दाबलं.

"काढलं?"

"काढलं."

मधे एकदा त्याला माळशेजचं भाडं लागलं. कल्याणची माणसं होती, दिवसभर घाटात थांबली. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं पहिलं तेच विचारलं. "आज कसं भरलं?"

"पाण्याच्या टाकीवर गेले. वाडीच्या मागं, टेकडीवर. तिथं येतं थोडं."

"एवढं चढून?"

"हो."

त्यानं तिच्या पायाकडे पाहिलं. टाकीच्या वाटेवर लाल माती आहे. पायाला माती नव्हती, पण आल्यावर तिनं पाय धुतले असतील. त्यानं पुढे विचारलं नाही. मनातून मात्र ते गेलं नाही.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. वाल्मिक बायकोला आणि आईला इकोत घालून घेऊन गेला. गाडी लांब लावून तिघं चालत आत शिरली. घोंगड्यांची दुकानं, मिठाईचे ढीग, पाळणे, आणि पलीकडे मैदानात बैलांच्या रांगाच रांगा. एवढी माणसं एका ठिकाणी आली की नेट कोणाचंच चालत नाही. जो तो फोन वर धरून हॅलो हॅलो करत होता आणि पुन्हा खिशात टाकत होता.

वत्सलाला सुनेला बांगड्या भरायच्या होत्या. कासारणीपुढे रेश्मा मांडी घालून बसली. दोन्ही हात पुढे करायचे म्हणून तिनं आपला फोन वाल्मिककडे दिला.

"धरा जरा."

तो फोन घेऊन तो उभा राहिला. बायकांच्यात उभं राहून करायचं काय, म्हणून बैल बघायला मैदानाकडे निघाला. रांगेतून थोडा आत गेला असेल, तेवढ्यात हातातला फोन थरथरला. मग परत. मग एकामागून एक मेसेज येऊन पडायला लागले. अंगणवाडीच्या बायांचे, आटगावच्या भावाचे, कोणाच्या वाढदिवसाचे. त्याला आधी समजेना, की सगळी जत्रा नेटवाचून बसलेली असताना ह्याच फोनला कुठून आलं. त्यानं वर पाहिलं. वायफायची खूण आली होती. त्यानं ती दाबली.

सुनिल.

नाव काढलेलं नव्हतं. आणि ज्याचं ते नाव, तो इथंच कुठंतरी, हाकेच्या अंतरावर उभा होता. त्याला आपण पाहिलं नव्हतं, पण आपल्या बायकोच्या फोननं त्याला ओळखलं होतं.

तो चालायला लागला. डाव्या हाताला गेला तर खूण बारीक झाली आणि गेली. मागे वळला, तर परत आली. नजर फोनवर ठेवून तो बैलांच्या मधून, दाव्यांवरून उड्या टाकत चालला. कोणीतरी ओरडलं, "अरे शिंगं बघ." त्यानं ऐकलं नाही. खूण भरत गेली. एका पांढऱ्या बैलाच्या पलीकडे त्याला सुनिल दिसला.

सुनिलच्या शेजारी वाडीतले चांगोकाका होते. चांगोकाकांना तो बैल घ्यायचा होता आणि वसईला असलेल्या भावाला दाखवल्याशिवाय ते घेणार नव्हते. त्यांच्या फोनला नेट नव्हतं, पण मैदानाच्या ह्या टोकाला सुनिलच्या सिमला रेंज येत होती, म्हणून त्यानं आपला हॉटस्पॉट लावून दिला होता. म्हातारा व्हिडिओ कॉलवर फोन बैलाच्या तोंडाशी नेऊन भावाला दात दाखवत होता.

"ये रे वाल्मिक," सुनिल म्हणाला. "तू सांग, बैल कसा हाय?"

वाल्मिकनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "हे काय हाय?"

सुनिलनं वाकून पाहिलं. "वहिनींचा ना? माझं नेट पकडलंय."

"का पकडलं?"

"सेव्ह असेल."

"तिनं काढलं होतं. मला सांगितलं होतं तिनं."

सुनिलनं वाल्मिककडे पाहिलं आणि त्यानं मान खाली घातली. त्याला काहीतरी ठाऊक होतं, जे वाल्मिकला ठाऊक नव्हतं. वाल्मिकला तेवढं पुरलं. त्यानं सुनिलची कॉलर धरली. सुनिलचा फोन शेणात पडला. चांगोकाकांच्या फोनमधून वसईचा भाऊ विचारत राहिला, "दादा, काय झालं? बैल कुठं गेला?" आणि मग तोही आवाज बंद झाला.

"माझ्या बायकोला नेट देतोस," वाल्मिक म्हणाला, "आणि अजून काय काय देतोस?"

तो ओरडला नव्हता. पण आजूबाजूचे सगळे थांबले होते, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. ओळखीची माणसं होती. वैशाखऱ्याची होती, टोकावड्याची होती. सुनिलनं हात उचलला नाही. कॉलर धरलेली तशीच राहू दिली आणि हळू आवाजात म्हणाला, "सोड. लोकं बघतात."

कोणीतरी धावत जाऊन बोलावलं असावं. रेश्मा आली तेव्हा तिच्या एका हातात कोपराच्या खालपर्यंत हिरव्या बांगड्या होत्या आणि दुसरा हात मोकळा होता. काय झालं हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. तिनं वाल्मिकच्या हातातून आपला फोन काढून घेतला.

"चला घरी," म्हणाली. "आई दमल्यात."

घरी आल्यावर वत्सला शेजारच्या घरी जाऊन बसली. मुद्दामच गेली असावी. रेश्मानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर बसली.

"तुमी सांगितलं त्या दिवशी काढलं होतं," ती म्हणाली. "तुमी माळशेजला गेलात त्या दिवशी परत लावलं. मग नाय काढलं."

"टाकीवर गेले म्हणालीस."

"खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तुमी जेवला नसता."

"आणि त्याला म्हायती होतं."

"त्यांनीच परत लावून दिलं. मी म्हटलं, घरी सांगू नका."

वाल्मिकनं तांब्याला हात लावला नाही. "एवढं काय हाय तिथं?"

रेश्मानं हातातल्या हिरव्या बांगड्या वर सरकवल्या. खरं सांगावं की नाही हे ती ठरवत होती, आणि ते त्याला दिसत होतं.

"तिथं बसलं की बरं वाटायचं," ती म्हणाली. "ते विचारायचे, आज कोणाचं वजन वाढलं. कुठलं पोरगं रडलं. तुमी घरी आलात की विचारता, कोणाशी बोललीस."

"म्हणजे आवडतो तो तुला."

"मला तिथं बसणं आवडायचं."

"एकच झालं."

"तुमच्यासाठी एकच," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

तिनं साफ नाही म्हटलं असतं, शपथ घेतली असती, रडली असती, तर त्याला काहीतरी धरून राहता आलं असतं. ती खरं बोलली होती, आणि त्या खरेपणानं वाल्मिकचा जीव अजूनच जळत राहिला. त्या ओट्यावर तिला जे मिळत होतं, ते कुठल्या सिमनं येत नव्हतं. त्यामुळं ते कुठून आणायचं हे त्याला कळेना.

सुनिलनं पासवर्ड बदलला. वाडीतली आणखी दोन-तीन माणसं त्याच्यावरून नेट घ्यायची, त्यांचंही बंद झालं. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "नको. भांडणं होतात." मग त्यानं ओट्यावर बसायचंच सोडलं. शिमग्याच्या आधी कल्याणला खोली घेतली आणि लॅपटॉप घेऊन निघून गेला. आईला चल म्हणाला होता, पण सरस्वतीच्या दोन शेळ्या होत्या, परसात वाल होता. ती गेली नाही.

रेश्मा आता खरोखरच टाकीवर जायची. वाल्मिकनं दुपारी येतो म्हटलं तर म्हणाली, "नको. तुमी गाडी चालवा." त्याच्याशी ती कामापुरतं बोलायची. भाकरी, पाणी, आईचं औषध. भांडली नाही की रुसली नाही. हे असंच चालणार, असं धरून तो दिवस काढत होता.

एका संध्याकाळी तो गाडी लावून आला, तेव्हा रेश्मा आपणहून बोलली.

"सरस्वतीमावशी आल्या होत्या अंगणवाडीत. सुनिलभाऊंनी त्यांना जुना फोन देऊन ठेवलाय, पण त्यात सिम बसत नाय, नुसता वायफायवर चालतो. साध्या फोनवर आवाज येतो, पण पोरगा दिसत नाय म्हणाल्या. रडत होत्या."

"मग?"

"तुमचं सिम तेच हाय. रोज जरा वेळ जा आणि त्यांना नेट द्या."

"मी?"

"मी नाय जाणार त्या ओट्यावर. तुमीच जा."

तो गेला. जत्रेपासून सरस्वती त्याच्याशी बोलली नव्हती. तिनं त्याला आत बोलावलं नाही. कडेचा पाट पुढे सरकवला आणि जुना फोन त्याच्या हातात दिला. तिला त्यातलं काही जमत नव्हतं. वाल्मिकनं आपला हॉटस्पॉट चालू केला, त्या फोनमध्ये आपलं नाव शोधलं, पासवर्ड घातला आणि सुनिलला कॉल लावून दिला.

सुनिलचा चेहरा आला. मागे पिवळी भिंत, वर पंखा. "आई," तो म्हणाला, "नेट कोणाचं?"

सरस्वतीनं वाल्मिककडे पाहिलं. "वाल्मिकचं."

पंखा फिरताना दिसत होता, म्हणजे नेट गेलं नव्हतं.

"बरं," सुनिल म्हणाला. "जेवलीस का?"

मग हे रोजचंच झालं. गाडी लावली की वाल्मिक वर जायचा, पाठ करून पाटावर बसायचा. मागे मायलेक बोलायचे. खोलीत पाणी कधी येतं, खानावळीत भाजी कशी असते, कुठली शेळी गाभण आहे. तो ऐकायचा नाही असं नाही. सगळंच ऐकू यायचं. काही दिवसांनी सरस्वती त्याच्यापुढे चहाचा कप ठेवायला लागली. सुनिल मात्र एकदाही त्याला हाक मारून बोलला नाही.

एके दिवशी बोलणं संपत आलं होतं, तेव्हा सुनिलनं विचारलं, "समोर अंगणवाडीत कसं चाललंय?"

नाव घेतलं नव्हतं. तरी तो कोणाचं विचारतोय हे वाल्मिकला कळलं. त्याचा फोन त्याच्या हातातच होता. हॉटस्पॉटचं बटण अंगठ्याखाली होतं. एकदा दाबलं असतं, तर सुनिल तिथल्या तिथं गेला असता आणि रेंज गेली म्हणून कोणाला संशयही आला नसता. अंगठा तिथंच टेकून तो बसून राहिला.

"चाललंय की," सरस्वती म्हणाली. "पोरं येतात. तिचं काम वाढलंय म्हणते."

"बरं. ठेवू मग, आई?"

त्यानं कॉल ठेवला. वाल्मिकनं मग बटण बंद केलं आणि चहा न घेताच उठला.

घरी रेश्मा कोयती घेऊन दारात बसली होती, रानातून आणलेला पाला घरच्या शेळीला तोडून घालत होती.

"लागला का फोन?"

"लागला."

"काय म्हणतात?"

वाल्मिक उंबऱ्यावर बसला. खोलीत पाणी आता सकाळचं येतं, खानावळ बदलली, कंपनीनं आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात बोलावलंय, हे सगळं त्यानं सांगितलं. सांगताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ती पाला तोडत होती, मधे एकदा "हं" म्हणाली, पण वर बघितलं नाही.

सुनिलनं अंगणवाडीचं विचारलं होतं, तेवढं मात्र वाल्मिकनं सांगितलं नाही.